इंजिनाच्या कॉइलवर दिवा: झर, पाट आणि सांडवा

सरदीचे, म्हणजे पावसाळी, भात कापून झाले की आमच्याकडे वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, घाई सुरू होते. वाड्यावर पॉवर टिलर एक आणि कुणगे (भाताची लहान शेते) मात्र सगळ्यांचे एकाच वेळी तयार. मग टिलरवाल्याला दिवस पुरत नाही, काळोखात दिवा लावून चिखलात उतरावे लागते. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या दादांनी टिलरचा फुटलेला ३५ वॅटचा दिवा काढून त्या जागी बाजारातून आणलेला १२ व्होल्टचा एलईडी बसवला. पहिली रात्र छान गेली. दुसऱ्या रात्री मेर (शेताचा बांध) चढताना त्यांनी थ्रॉटल पूर्ण दिला आणि एलईडी कायमचा विझला. दुसरा आणला, तोही गेला. मग त्यांनी मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १० वॅटचा बल्ब लावून पाहिला. इंजिनाने वेग घेताच तो क्षणभर पांढराशुभ्र झाला आणि आतली तार तुटली. "कॉइल बिघडली रे, करंट जास्त मारते," म्हणत ते माझ्याकडे आले.

इंजिनात दिव्यासाठी वीज तयार करणारी ती लायटिंग कॉइल ठणठणीत होती. चूक एकाच समजुतीत होती, आणि ती समजूत मला गावोगावी भेटते: दिव्यावर १२ व्होल्ट लिहिले आहे, कॉइलवरही १२ व्होल्ट लिहिले आहे, तर जोडले की झाले. बॅटरीच्या बाबतीत हे खरे आहे. लायटिंग कॉइल मात्र बॅटरी नव्हे. तिचा स्वभावच वेगळा आहे, आणि तो एकदा कळला की कुठला बल्ब लावायचा, रेग्युलेटर कशाला हवा, एलईडी का जळतो, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्याने सुटतात.

आधी आत काय आहे ते पाहू. इंजिनाच्या एका बाजूला जड लोखंडी चाक असते, ते फ्लायव्हील. त्याच्या कडेला चुंबके बसवलेली असतात. चाकाच्या आत, इंजिनाच्या अंगाला घट्ट स्क्रू केलेली एक कॉइल असते: पातळ पत्र्यांच्या लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली तांब्याची इनॅमल तार. चाक फिरते, चुंबके कॉइलसमोरून जातात, एकदा उत्तर टोक, एकदा दक्षिण टोक. चुंबकाचा प्रभाव बदलत राहिला की शेजारच्या तारेत वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. तेच इथे घडते. एकदा वीज इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे, म्हणजे एसी. कॉइलला ना कार्बन ब्रश, ना बेअरिंग. त्यामुळे ती वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते, आणि इंजिनावर तिचा भार नगण्य असतो.

पेट्रोल इंजिनात याच चुंबकांवर ठिणगीची कॉइलही चालते. ती वेगळी, तिचे काम वेगळे. तिच्याबद्दल पुढे सांगायचेच आहे, कारण तिथे लोक धोकादायक चूक करतात. डिझेलला ठिणगी लागत नाही, म्हणून टिलरच्या फ्लायव्हीलखाली असते ती फक्त दिव्याची कॉइल.

आता स्वभावाकडे. ज्यांनी कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, पाणी शिंपले आहे त्यांना हे चटकन पटेल.

घराच्या गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. टाकीतल्या पाण्याची उंची ठरलेली. एक नळ सोडा, दोन सोडा, प्रत्येकाला जवळजवळ तेवढाच दाब मिळतो. ही बॅटरी. उंची म्हणजे व्होल्ट, आणि ती कायम. प्रत्येक नळ आपल्याला हवे तेवढे पाणी घेतो, त्याला जबरदस्ती होत नाही. म्हणून गाडीच्या बॅटरीवर ५ वॅटचा दिवाही सुखाने चालतो आणि ६० वॅटचाही.

कुळागरातल्या झरीचे तसे नाही. झर आपल्या मनाने वाहते. तुम्हाला हवे असो वा नसो, ठरावीक पाणी पाटात येतेच. पाटाला माडांकडे जाणारे तोंड योग्य मापाचे ठेवले तर पाणी योग्य उंचीवर राहते आणि शिंपण नीट होते. तोंड लहान ठेवले तर पाणी मागे तुंबते, चढत जाते, आणि माती वाहून नेते. तोंड फारच मोठे ठेवले तर पाणी पसरट होऊन रेंगाळते, टोकाच्या पोफळीपर्यंत पोचतच नाही. लायटिंग कॉइल ही झर आहे. पाटातल्या पाण्याची उंची म्हणजे व्होल्टेज, वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर, आणि तोंड म्हणजे तुमचा बल्ब. जास्त वॅटचा बल्ब म्हणजे मोठे तोंड, कमी वॅटचा म्हणजे लहान. दादांनी ३५ वॅटच्या तोंडाच्या जागी १० वॅटचे तोंड ठेवले. पाणी चढले, तार तुटली.

कॉइल असे का वागते? फ्लायव्हील दुप्पट वेगाने फिरले की चुंबकाचा बदलही दुप्पट वेगाने होतो, म्हणून कॉइलमध्ये तयार होणारे व्होल्टेज दुप्पट होते. इथपर्यंत सरळ आहे. पण त्याच वेळी एसीची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या लाटांची संख्याही, दुप्पट होते, आणि लोखंडी गाभ्यावर गुंडाळलेली कॉइल स्वतःच एसीला अडवते. वारंवारता जितकी जास्त, तितका तिचा हा अडथळा जास्त. म्हणजे ढकलणारा जोरही दुप्पट, अडवणारा जोरही दुप्पट. मधल्या मध्ये करंट साधारण तेवढाच राहतो. इंजिनाचा वेग वाढला म्हणून झरीचे पाणी वाढत नाही. वाढते ती पाटाच्या काठाची उंची, म्हणजे पाणी तुंबले तर कुठवर चढू शकेल ती मर्यादा.

आकडे घेऊन पाहू. हे आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमच्या कॉइलचे वेगळे असतील, पण प्रमाण असेच असते. समजा पूर्ण वेगात, काहीही न जोडता, कॉइलच्या दोन टोकांत २४ व्होल्ट मिळतात. तिच्या तारेचा रोध अर्धा ओहम आणि त्या वेगाला तिचा एसी अडथळा ७ ओहम. १२ व्होल्ट ३५ वॅटच्या बल्बचा तापल्यावरचा रोध साधारण ४ ओहम असतो. हिशेब केला तर बल्बवर ११.८ व्होल्ट पडतात. अगदी हवे तेवढे. आता वेग निम्मा करा. कॉइलचे २४ चे १२ होतात, पण बल्बवरचे ११.८ चे ५.९ होत नाहीत, साडेआठच्या आसपास राहतात. अडथळाही निम्मा झाला ना! म्हणून मंद चालीतही दिवा पिवळट का होईना, पेटलेला राहतो.

त्याच कॉइलवर, पूर्ण वेगात, १० वॅटचा बल्ब लावला तर त्याच्यावर २१ व्होल्ट येतात. ६० वॅटचा लावला तर साडेसात. हे दोन आकडे मी दादांना कागदावर काढून दाखवले, तेव्हा त्यांना प्रथम पटले की बल्बला जाळणारी कॉइल नव्हती, बल्बची निवड होती. फिलामेंटचा बल्ब याबाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज दहा टक्के जास्त झाले तर उजेड तिसऱ्या हिश्श्याहून अधिक वाढतो, पण आयुष्य साधारण एक तृतीयांशावर येते. २१ व्होल्टला तर काही क्षणांचाच खेळ.

आणखी एक आकडा पाहण्यासारखा आहे. याच कॉइलची दोन टोके एकमेकांना सरळ जोडली, म्हणजे शॉर्ट केली, तर किती करंट वाहील? बॅटरी शॉर्ट केली तर ठिणग्या उडतात, वायर वितळते. इथे फक्त ३.४ अँपिअर, आणि निम्म्या वेगातही तितकाच. ३५ वॅटच्या बल्बमधून जाणाऱ्या २.९ पेक्षा थोडासाच जास्त. म्हणजे अशी कॉइल शॉर्ट झाल्याने जळत नाही. हे लक्षात ठेवा, रेग्युलेटरचे सगळे रहस्य या एका गोष्टीत आहे.

ज्यांनी बिनबॅटरीची जुनी स्कूटर चालवली आहे, त्यांनी हे सगळे डोळ्यांनी पाहिले आहे. गिअर सोडून उभे राहिले की हेडलाइट काजव्यासारखा, थ्रॉटल पिळला की लखलखीत. आणि हेडलाइटचा बल्ब उडाला की घरी पोचेपर्यंत मागचा लाल दिवाही उडालेला. लोक म्हणायचे, साडेसाती. प्रत्यक्षात पाटाचे मोठे तोंड एकाएकी बंद झाले आणि सगळे पाणी लहान तोंडावर आले. त्या स्कूटरच्या बल्बवर ३५/३५ किंवा त्याआधी २५/२५ वॅट असे लिहिलेले असते, दोन्ही फिलामेंट सारख्या वॅटचे. त्यामुळे डिपर मारला तरी तोंडाचे माप बदलत नाही. मोटारीच्या बल्बवर ६०/५५ असते, कारण तिथे मागे बॅटरीची टाकी आहे, थोड्या फरकाने बिघडत नाही.

हा स्वभाव फार जुना आहे. फोर्डच्या मॉडेल टी मोटारीच्या फ्लायव्हीलवर १६ चुंबके असत आणि त्यांच्यासमोर १६ कॉइल. १९१५ पासून तिचे हेडलाइट त्या चुंबक-कॉइलच्या जोडणीवरच, म्हणजे मॅग्नेटोवरच, चालत. मोटार हळू असली की दिवे मंद, पळू लागली की प्रखर. शंभर वर्षांपूर्वीच्या मोटारवाल्याची आणि आमच्या दादांची अडचण एकच.

आता कामाला लागू. पहिला प्रश्न: तुमच्या इंजिनाला लायटिंग कॉइल आहे का?

दोरीने ओढून सुरू करायच्या पेट्रोल पंपाच्या फ्लायव्हीलखालून जर एकच वायर बाहेर येत असेल आणि ती स्टॉप स्विचला जात असेल, तर नाही. ती एकुलती वायर ठिणगीच्या कॉइलची आहे. ती बॉडीला टेकवली की ठिणगी बंद होते आणि इंजिन थांबते, स्विच तेवढेच करतो. हिच्यावर दिवा जोडायचा विचारही करू नका. थंड बल्बचा रोध इतका कमी असतो की ठिणगीच्या दृष्टीने तो बॉडीला टेकवल्यासारखाच, इंजिन सुरूच होणार नाही. आणि चालू इंजिनात त्या वायरवर काही शे व्होल्टचे झटके असतात. ओल्या हाताने पकडलीत तर जन्मभर आठवण राहील. अशा इंजिनांना काही कंपन्या वेगळी लायटिंग कॉइल जोडभाग म्हणून देतात. ती बसवायला फ्लायव्हील काढावे लागते, आणि ते पुलरनेच काढायचे. हातोड्याने ठोकले तर चुंबक तडकते, क्रँकची चावी तुटते. पुलर नसेल तर मेस्त्रीकडे न्या.

दोन किंवा अधिक वायर बाहेर येत असतील, किंवा इंजिन डिझेलचे असेल, तर मल्टीमीटर काढा. चारपाचशे रुपयांचा मीटर पुरतो. इंजिन बंद ठेवून, सगळे कनेक्शन सोडवून, ओहमवर लावा. लायटिंग कॉइलचा रोध फार कमी असतो, ओहम-दीड ओहमच्या आत. काही इंजिनांत कॉइलचे एक टोक आतच बॉडीला जोडलेले असते. मग त्या कॉइलची एकच वायर बाहेर येते आणि ती व बॉडी यांच्यात हा कमी रोध दिसतो. काहींत दोन्ही टोके बाहेर येतात आणि बॉडीशी एकाचाही संबंध नसतो. तुमचे कुठले आहे ते कागदावर लिहून ठेवा, पुढे एलईडी लावताना याच गोष्टीवर सगळे अवलंबून आहे. मग इंजिन उघड्यावर सुरू करा, बंद खोपीत नको, धुराने माणसाला गुंगी येऊन जीव जातो. मीटर एसी व्होल्टवर, २०० च्या रेंजवर ठेवा. मंद वेगात आणि पूर्ण वेगात आकडा बघा. वेगाबरोबर आकडा चढत गेला की समजायचे, हीच आपली कॉइल.

दुसरा प्रश्न: कॉइल किती वॅटची? पुस्तिका असेल तर त्यात लिहिलेले असते. नसेल तर मोजता येते, आणि इथे एक नियम पाळा: मोठ्या वॅटपासून लहानाकडे या, उलटे कधीही नको. आधी मोटारीचा ५५ वॅटचा बल्ब जोडा. पूर्ण वेगात त्याच्यावर किती व्होल्ट येतात ते मोजा. आठ-नऊच आले तर तोंड फार मोठे आहे. मग ३५ वॅटचा लावा. तेरा-साडेतेराच्या आत राहिले तर जमले. मोठ्यापासून सुरुवात केल्याने एकही बल्ब न जाळता माप सापडते. २५ आणि १० वॅटचे दोन बल्ब समांतर जोडले तरी ३५ च होतात, पण मग त्यातला एक उडाला की दुसराही जाईल. माझे मत विचाराल तर नुसत्या कॉइलवर एकच योग्य मापाचा बल्ब लावावा आणि गरज असेल तेव्हा इंजिन तेवढ्या वेगात ठेवावे. पंपावर हे अगदी चालते, कारण पंपाचे इंजिन एकाच वेगात तासन् तास फिरत असते. तिथे रेग्युलेटर नसला तरी निभावते. टिलरचे तसे नाही, मेरेपाशी वळताना वेग खाली, चिखलात जोर लागला की वर. तिथे सांडवा हवाच.

सांडवा म्हणजे रेग्युलेटर. लोकांना वाटते रेग्युलेटर व्होल्टेज अडवून धरतो, नळाच्या चावीसारखा. तसे नाही. तळीला जसा सांडवा असतो, पाणी एका उंचीवर आले की जास्तीचे पलीकडे जाऊ देणारा, तसा तो असतो. कॉइलचे व्होल्टेज सुमारे साडेतेराच्या वर जाऊ लागले की तो कॉइलची दोन टोके क्षणभर एकमेकांना शॉर्ट करतो, सेकंदाला कितीतरी वेळा. ती कॉइल शॉर्ट केल्याने जळत नाही हे आपण वर पाहिले, म्हणूनच हे शक्य आहे. आणि म्हणूनच तो दिव्याला समांतर जोडायचा असतो. सांडवा पाटाच्या मध्यावर कोणी बांधत नाही, कडेला बांधतात.

ज्या स्कूटर-मोपेडचा हेडलाइट एसीवर चालतो, तिचा रेग्युलेटर जुन्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. कुठली वायर कशाची हे गाडीगणिक बदलते, म्हणून ते दुकानदाराकडून किंवा मेस्त्रीकडून पक्के विचारून घ्या. कॉइलच्या वॅटइतकी तरी त्याची क्षमता हवी. त्याची धातूची पाठ बऱ्याचदा त्याचे अर्थही (बॉडीशी विजेची जोडणी) असते आणि उष्णता बाहेर टाकण्याची जागाही. तेव्हा ती रंग खरवडून, स्वच्छ लोखंडावर बोल्टने आवळा. प्लास्टिकच्या पट्टीने हँडलला बांधलेले रेग्युलेटर मी पाहिले आहेत, ते अर्थ न मिळाल्याने काम करत नाहीत, नाहीतर तापून मरतात.

आता एलईडी. इथे दादांचे सगळ्यात जास्त पैसे गेले.

चांगल्या एलईडी दिव्यात आत ड्रायव्हर असतो, तो एलईडीला ठरावीक वॅटच देतो. १० वॅटचा दिवा १२ व्होल्टला पाऊण-एक अँपिअर घेतो, आणि व्होल्टेज वाढले तर तो करंट कमी करतो. बॅटरीवर ही युक्ती शहाणपणाची आहे. झरीवर मात्र घात करते: पाणी चढले की हे तोंड आपोआप आणखी लहान होते, पाणी आणखी चढते, काठापर्यंत. आपल्या उदाहरणातल्या कॉइलवर काठ २४ व्होल्टचा. पण तो एसीचा मीटरवर दिसणारा आकडा झाला. लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट, म्हणजे ३४ व्होल्ट. ज्या दिव्यावर '१२ व्होल्ट' एवढेच छापले आहे, त्याच्या आतले भाग इतके सोसत नाहीत. १६ किंवा २५ व्होल्टचा छोटा कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) आत असेल तर तो फुगून फुटतो. मोटारसायकल आणि ई-बाइकसाठीच्या काही एलईडींवर १२ ते ८० व्होल्ट असे छापलेले असते. कॉइलसाठी तोच घ्या, आणि सोबत रेग्युलेटरही ठेवा. दोन्ही ठेवायला सांगतो, कारण काही रेग्युलेटर लाटेची एकच बाजू कापतात आणि दुसऱ्या बाजूचा माथा तसाच राहतो.

एलईडीला डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, लागते, म्हणून मध्ये एसीची डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर हवा. केबीपीसी-३५१० नावाचा चौकोनी धातूचा ब्रिज सहज मिळतो, ३५ अँपिअरचा, आपल्या तीन अँपिअरला भरपूर. त्याच्या चार पायांपैकी ज्या दोनांवर लाटेची खूण असते तिथे कॉइलच्या दोन वायरी, अधिक आणि उणे तिथे दिवा. त्यापुढे ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर समांतर जोडला की लुकलुक कमी होते, पण तो ५० किंवा ६३ व्होल्टचाच घ्या, आणि अधिक-उणे उलटे करू नका. लुकलुक किती होणार हे चुंबकांवर ठरते. फ्लायव्हीलवर उत्तर-दक्षिण अशा सहा जोड्या असतील आणि ते मिनिटाला २००० फेरे घेत असेल तर सेकंदाला २०० लाटा, ब्रिजनंतर ४०० ठोके. डोळ्याला काही जाणवणार नाही. एकच जोडी आणि १२०० फेरे असतील तर २० लाटा, ४० ठोके. तो दिवा थरथरताना दिसेल, तिथे कपॅसिटर हवाच.

आणि आता ती कागदावर लिहून ठेवलेली गोष्ट. कॉइलचे एक टोक आतून बॉडीला जोडलेले असेल, तर ब्रिजनंतरची उणे वायर बॉडीला मुळीच लावू नका. मोटारसायकलची सवय असलेला माणूस हात न थांबता उणे वायर चेसिसला आवळतो. तसे केले की ब्रिजमधल्या एका डायोडला (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) वळसा मिळतो, दुसऱ्या डायोडमधून लाटेची अर्धी बाजू सरळ शॉर्ट होते, डायोड तापतो आणि दिवा अर्ध्यावर येतो. माणूस मग कॉइल कमजोर म्हणतो. ब्रिजपासून दिव्यापर्यंत अधिक आणि उणे अशा दोन्ही वायरी वेगळ्या न्या, बॉडीचा आधार घेऊ नका. काही एलईडींच्या धातूच्या खोक्यालाच आतून उणे जोडलेले असते. ओहमवर तपासा, आणि तसे निघाले तर दिव्याच्या ब्रॅकेटखाली रबर घाला, बोल्टला प्लास्टिकचे बुश बसवा.

इंजिन थांबल्यावरही उजेड हवा असेल तर मध्ये बॅटरी लागते. खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, रात्री पंप लावणाऱ्यांना हे बरे पडते, ओहोटीची वाट बघत बसताना इंजिन बंद ठेवता येते. १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची सीलबंद बॅटरी आणि १० वॅटचा एलईडी असला तर बॅटरी अर्धीच वापरूनही चार तास निघतात. त्यासाठी रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकत्र असलेले, बॅटरी चार्जिंगचे युनिट घ्यायचे, नुसता एसी रेग्युलेटर चालणार नाही. बॅटरीच्या वायरला लगेच, पहिल्या वीतभरातच, ५ अँपिअरचा फ्यूज. कॉइल शॉर्टला घाबरत नाही, बॅटरी मात्र वायर पेटवते.

वायरिंगबद्दल थोडेच. घरगुती एकतारी वायर नको, इंजिनाच्या हादऱ्याने ती आठवड्यात आतून तुटते. अनेक बारीक तारांची, एक चौरस मिलिमीटरची ऑटो वायर घ्या. सायलेन्सरपासून वीतभर दूर आणि पेट्रोलच्या कॉकपासून त्याहून दूर न्या. जोड पिळून टेप लावू नका, थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची टोपी) दाबा किंवा डाग द्या आणि वरून स्लीव्ह चढवा. आमच्याकडची हवा खारट, त्यात चार महिने पाऊस. उघडा जोड एका पावसाळ्यात हिरवा पडतो, आणि रोध वाढला की दिवा मंद. दिव्याकडे चढणाऱ्या वायरला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाते, वायरीच्या अंगाने दिव्यात शिरत नाही. पाऊस संपला की अर्थचा बोल्ट सोडवून, घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळायचा.

दादांच्या टिलरवर आम्ही आधी ३५ वॅटचा साधा बल्ब लावला. पूर्ण वेगात मीटरवर १२.९, वळताना ८ च्या जवळ. महिनाभर तोच चालवला आणि एकही बल्ब गेला नाही. पुढे त्यांनी जुन्या मोपेडचा रेग्युलेटर, ब्रिज आणि ८० व्होल्टपर्यंतचा एलईडी आणला, आणि एका रविवारी दुपारी आम्ही ते माडाखाली बसून जोडले. कॉइलचे एक टोक बॉडीला होते, म्हणून दोन्ही वायरी हँडलपर्यंत वेगळ्या नेल्या.

पूर्वी रात्री आमच्या पडवीतून नुसता उजेड पाहून सांगता यायचे की टिलर कुठे वळतो आहे आणि कुठे चिखलात अडकला आहे. आता इंजिनाचा आवाज चढतो-उतरतो, आणि कुणग्यातला उजेड तेवढाच राहतो.